उखळाचा काठ

हेरन बेटावर माम बायनाची चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं खुद्द बायनाचं म्हणणं. तिनं भात कांडला तर सुपात एक कणी पडायची नाही. कालवणात मीठ घातलं तर पुन्हा चाखायला लागायचं नाही. आणि कुणाला शब्दानं हाणलं तर त्याला दुसऱ्यांदा हाणायची वेळ यायची नाही. साठी उलटली होती, म्हणून सगळे मानानं 'माम' म्हणत, पण पाठ मुसळासारखी ताठ.

फक्त एकदा चुकली. आणि चुकली ती अख्ख्या बेटादेखत.

ती अठराशे चौऱ्याऐंशी सालच्या अध्यक्षाच्या निवडणुकीची गोष्ट. साउथ कॅरोलिना राज्यानं त्याआधी दोन वर्षं नवा कायदा आणला होता. पूर्वी एक चिठ्ठी, एक पेटी; टाकली की झालं. आता पेट्या आठ. गव्हर्नरची वेगळी, आमदाराची वेगळी, शेरीफ आणि मयताची चौकशी करणारा कोरोनर यांची वेगळी, अध्यक्षाची वेगळी. प्रत्येक पेटीवर नाव लिहिलेलं. चिठ्ठी भलत्या पेटीत पडली की ती केरात. वाचता येणाऱ्याला यात अवघड काहीच नाही. पण ज्याला गुलामीत पुस्तक हातात धरलं म्हणून फटके बसले, त्यानं काय करायचं? त्याच्यासाठीच तर कायदा केला होता! इतकं न कळण्याइतकी बायना खुळी नव्हती.

म्हणून त्या दिवशी सकाळीच तिनं आत डोकावून यायला वाचता येणारा माणूस पाठवला आणि मग सगळ्या पुरुषांना रांगेत उभं करून सांगितलं, "दारापासून तिसरी पेटी अध्यक्षाची. बोटं मोजा, अक्कल चालवू नका."

पुरुषांनी बोटं मोजली. पहिले चौदा जण गेले, आणि मतदानावर बसलेल्या बॅस्कमसाहेबानं पेट्या उचलून इकडच्या तिकडे केल्या. कायद्यात तसं करू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. उरलेल्या चौतीस जणांनी इमानानं तिसऱ्या पेटीत चिठ्ठी टाकली, आणि ती निघाली कोरोनरची! चौतीस जणांनी देशाचा अध्यक्ष मयताच्या पेटीत घातला.

त्या चौतिसांत बायनाचा नवरा लायमस होता.

लायमस गुलामी संपवणाऱ्या लढाईत लिंकनसाहेबांच्या फौजेचा निळा डगला घालून लढलेला. लढाई संपल्यावर चार वेळा त्यानं अध्यक्षासाठी मत दिलं, तोच डगला घालून, आणि चारही वेळा त्यानं मत दिलेला माणूसच निवडून आला. देश आपल्याच चिठ्ठीवर चाललाय अशी त्याची पक्की समजूत होती. पाचव्या वेळी चिठ्ठी कोरोनरकडे गेली आणि लिंकनसाहेबांचा पक्ष हरला. लायमसनं डगला खुंटीला अडकवला, तो अडकवलाच. बायकोला एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बायनानं दुप्पट घातल्या असत्या आणि विषय तिथंच मिटला असता. पण हा पठ्ठ्या गप्प. चार वर्षं ती जाता-येता त्या डगल्याकडे बघत होती आणि दर शनिवारी त्याची धूळ झटकत होती. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशीचा ऑक्टोबर आला. प्रार्थनाघरात बैठक बसली. जुलाय एल्डर, म्हणजे बेटाचा भजनप्रमुख, उभा राहिला.

"भावांनो, निवडणूक पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला. कायदा सांगतो, पेटीवरचं नाव विचारलं तर साहेबानं वाचून दाखवलंच पाहिजे."

"वाचतो की," मागून टायटस म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी मी विचारलं. त्यानं आठही नावं अशी वाचली, जसा कुत्रा पेज पितो. लप लप लप, संपलं. मी म्हटलं, साहेब, परत वाचा. तोवर त्यानं पेट्या फिरवल्या."

"मग वाचता येणारा एक माणूस आत उभा करू."

"मत टाकणाऱ्याशी आत कुणी बोललं की मत बाद," एल्डर म्हणाला. "बाहेरून ओरडलं तरी बाद."

तेवढ्यात बायकांच्या बाकावरून सिबीचा आवाज आला. सिबी बायनाची शेजारीण. दोघींचं इतकं छान जमायचं की एकीचं कोंबडं दुसरीच्या अंगणात गेलं तर ते भांडण मिटवायला एल्डरला यावं लागे.

"आपल्या बायनालाच विचारा की! का गं बायना, यंदा दारापासून कितवी?"

सगळं प्रार्थनाघर हसलं. एल्डरसुद्धा दाढीत हसला. बायनाच्या जिभेवर सात उत्तरं आली, सातही जहाल. पण लायमस पलीकडच्या बाकावर खाली मान घालून बसला होता, आणि तो एकटाच हसत नव्हता. तिनं सातही उत्तरं गिळली. बायना गप्प बसली हे बघून सिबीच घाबरली; घरी जाताना तिनं दोनदा विचारलं, "अगं, बरं नाही का वाटत?"

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच उखळाशी होत्या. भांडण भांडणाच्या जागी, पण भात कांडायला बायनाच्या तोडीची सिबीखेरीज दुसरी बाई बेटावर नव्हती. एक हात हिचा, एक हात तिचा; धप धप, धप धप, मधे पोकळी नाही की टक्कर नाही. लायमस पायरीवर पाठमोरा बसून जाळं विणत होता.

"सिबी, खांदा दुखतोय का?" मान न वळवता तो म्हणाला.

"तुला रे कसं कळलं?"

"सातवा हात हलका पडला. मगाशीही सातवाच पडला."

सिबीनं कपाळावर हात मारला. "पाठीला कान आहेत मेल्याच्या!"

"त्यात काय? आईच्या पाठीवर बांधलेला असताना दुसरं काय ऐकलं?" लायमस म्हणाला. "बेटावरच्या कुठल्याही बाप्याला विचार. मोजायला लागत नाही. पोटातच कळतं."

बायनाचं मुसळ वरच्या वर थांबलं.

"काय झालं?" सिबी म्हणाली. "थांबलीस का?"

"सिबी," बायना हळूच म्हणाली, "निवडणुकीच्या दिवशी कापसाची सरकी काढतात त्या जिनाच्या अंगणात जेवण कोण करतं?"

"आपणच. दर वेळी. मत टाकायला येणाऱ्याला काय उपाशी पाठवायचं?"

"आणि भात कुठं कांडतो?"

"तिथंच, ओकच्या झाडाखाली..." सिबीचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं ते मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायनाकडे आदरानं बघितलं. ते फार वेळ टिकलं नाही. "पण कितवी पेटी हे तुला कोण सांगणार? तुला वाचता येतं होय?"

"मला नाही. माझ्या सुनेला येतं."

सून टेना मिशनच्या शाळेत सहा वर्षं शिकलेली. सासूच्या मते त्या सहा वर्षांत तिला चूल पेटवायलासुद्धा शिकवलं नव्हतं. त्या संध्याकाळी बायनानं टेनाला हाक मारली, शेजारी बसवून घेतलं, आणि स्वतःच्या हातानं कॉफी दिली. टेनानं कप आधी हुंगून पाहिला.

बेत असा ठरला. जिनाच्या खिडकीबाहेर टेना रताळ्याच्या वड्या विकायला बसेल. खिडकीतून पेट्या आणि त्यांवरची नावं दिसतात. अध्यक्षाची पेटी दारापासून जितवी असेल तितक्या वड्या तिनं खिडकीच्या कठड्यावर ओळीनं मांडून ठेवायच्या. झाडाखालून बायना वड्या बघेल, आणि ती आणि सिबी तितकेच हात मारून थांबतील. पुन्हा तितकेच, पुन्हा थांबतील. बॅस्कमनं पेट्या फिरवल्या की टेना वड्या फिरवेल, वड्या फिरल्या की मुसळं फिरतील.

"आणि चुकलं तर?" सिबीनं विचारलं.

"चुकलं तर काठावर मारायचं. काठावर मुसळ आदळलं की काय होतं?"

हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुसळ आत न पडता उखळाच्या काठावर आदळलं की तो डाव बाद. बाई थांबते, तांदूळ खालीवर करते, पहिल्यापासून सुरू करते. आणि लाजेनं मान खाली घालते. काठावर मारणं म्हणजे कालच लग्न झालेल्या पोरीचं काम. जाणत्या बाईनं काठावर मारलं तर वर्षभर तिचं नाव चघळतात.

"मी नाही बाई काठावर मारणार," सिबी म्हणाली. "माझी सासू थडग्यातून उठून येईल."

"कुणालाच मारायला लागणार नाही. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच विचारलं."

मग तीन आठवडे प्रार्थनाघरात तालीम चालली. आठ टोपल्या ओळीनं मांडल्या, बाहेर उखळ, आत एकेक पुरुष हातात शिंपला घेऊन. बायनानं लायमसला सांगितलं, "तुझा कान चांगला आहे. तू शिकव यांना."

"मी मत टाकायला यायचा नाही," लायमस म्हणाला.

"तुला कोण ये म्हणतंय? मास्तर हो म्हटलं."

लायमस मास्तर झाला. कडक मास्तर. कुणाचा शिंपला चुकीच्या टोपलीत पडला तर म्हणायचा, "कोरोनरसाहेबांना रामराम सांग," आणि सगळे हसायचे. ती थट्टा त्याच्या तोंडून ऐकून बायनाला पहिल्यांदा बरं वाटलं. पण सहा तारखेच्या पहाटे ती बाहेर पडली तेव्हा तो चुलीपुढे बसून होता आणि डगला खुंटीवरच होता. तिनं आग्रह केला नाही. डगल्याची बटणं तिनं आदल्या दिवशी राखेनं घासून ठेवली होती, तेवढंच.

सकाळ अशी लख्ख उजाडली की खाडीतला चिखलसुद्धा चकाकत होता. ढोल वाजवत पुरुष आले, मागून बायका डोक्यावर हांड्या घेऊन. झाडाखाली तीन चुली पेटल्या. चवळी शिजायला लागली, कालवं भाजायला लागली, आणि मधे उखळ.

बॅस्कमसाहेब दारात आला. गोल माणूस, मिशा मोठ्या, झोप कमी. "हे काय चालवलंय?"

"भात कांडतोय, साहेब," बायना म्हणाली. "चवळीभात. तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवते, डुकराचं मटण घालून."

बॅस्कमनं हांडीकडे बघितलं. तत्त्वाचा माणूस होता, पण नाक त्याचं नव्हतं तत्त्वाचं. "बरं बरं. आवाज कमी करा."

"मुसळाला सांगते, साहेब."

कठड्यावर दोन वड्या होत्या. धप धप. थांब. धप धप. थांब. जुलाय एल्डर पहिला आत गेला आणि हसऱ्या तोंडानं बाहेर आला. मग टायटस. मग आणखी दहा जण. बारावा बाहेर पडला तसा बॅस्कम उठला आणि पेट्या फिरवल्या. टेनानं डोक्याचा रुमाल सावरल्यासारखं करून वड्या मांडल्या: सात. झाडाखाली सात हात पडले. तेरावा माणूस आत गेला, सरळ सातव्या पेटीशी जाऊन चिठ्ठी टाकली आणि टोपी काढून साहेबाला नमस्कार घातला.

बॅस्कमनं डोळे चोळले.

दर आठ-दहा माणसांनंतर तो पेट्या फिरवायला लागला. मग दर पाच. एकदा तर दोन माणसांनंतर. त्याला घाम फुटला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या ट्रेडवेलसाहेबाला जाग आली. "बॅस्कम, अरे पेट्या आहेत की पत्ते?"

"हे लोक वाचायला शिकलेत!" बॅस्कम कुजबुजला. "सगळेच्या सगळे!"

"देव भलं करो," असं म्हणून ट्रेडवेल पुन्हा झोपला.

अंगणात तर जत्रा भरली होती. मत टाकून आलेला माणूस पहिल्यांदा ताटाकडे यायचा आणि मग नाचाकडे जायचा. सिबी कांडता कांडता गाणं म्हणत होती. एवढा भात कांडून झाला की आता सगळ्या बेटाला आठवडाभर पुरला असता. बायनाचे खांदे भरून आले होते, पण ती मधूनमधून एकाच दिशेला बघत होती, शिंपल्यांच्या रस्त्याकडे.

चार वाजून गेले. सहाला मतदान बंद.

"येणार नाही तो," सिबी म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता.

"नाही येत तर नाही येत," बायना म्हणाली आणि मुसळ जरा जास्तच जोरात हाणलं.

आणि रस्त्याच्या वळणावर निळं काहीतरी दिसलं. बटणं उन्हात चमकली. लायमस येत होता, काठी टेकत, पण मान अशी वर की जणू मागून पलटण चालली आहे. लोकांनी वाट दिली. ढोल वाजवणाऱ्यानं लढाईतला ताल धरला. बायनाकडे न बघता तो दाराशी गेला, आणि मग वळून म्हणाला, "बटणं कुणी घासली?"

"उंदरांनी," बायना म्हणाली. "जा आत!"

तो आत गेला. तिनं कठड्याकडे बघितलं. चार वड्या. धप धप धप धप. थांब. धप धप धप धप.

दुसरी फेरी संपली आणि तिची नजर बॅस्कमकडे गेली. तो खिडकीत उभा होता. त्याचा गाल हलत होता. मिशीला पिवळं काहीतरी लागलं होतं. बायनानं पुन्हा कठड्याकडे बघितलं: दोन वड्या, मग एक मोकळी जागा, मग दोन वड्या. टेना पाठमोरी उभी राहून कुणाला तरी काकवी वाढत होती.

मेल्यानं वडी खाल्ली! पाच होत्या. पाचवी पेटी अध्यक्षाची, आणि तिनं चार मारले होते.

खिडकीतून निळी पाठ दिसत होती. लायमसचा हात चौथ्या पेटीवर पोचला होता. ओरडावं तर मत बाद. गप्प राहावं तर पुन्हा तीच चार वर्षं, आणि तो बापडा अजून एक निवडणूक बघेल की नाही कोण सांगतं? पुन्हा तिच्याच मोजण्यापायी. अंगणात सगळं बेट उभं होतं: तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी, तिनं शब्दानं हाणलेल्या सासवा, आणि समोर, हातभर अंतरावर, सिबी.

बायनानं मुसळ उचललं आणि उखळाच्या काठावर आदळलं.

टण्ण!

गाणं थांबलं. नाच थांबला. पळ्या हवेत राहिल्या. एक पोरगी म्हणाली, "माम बायनानं काठावर..." आणि तिच्या आईनं तिचं तोंड दाबलं. सिबीचे डोळे चवळीच्या हांडीएवढे झाले होते.

"तांदूळ खालीवर कर," बायना म्हणाली. "पहिल्यापासून. पाच."

"पण वड्या तर चार..."

"सिबी, पाच म्हटलं ना!"

सिबीला काही कळलं नव्हतं, पण हात तिचे शहाणे होते. धप धप धप धप धप. थांब. सगळं अंगण श्वास धरून ऐकत होतं. धप धप धप धप धप.

आत लायमसचा हात चौथ्या पेटीवरून मागे आला. त्यानं चिठ्ठी डोळ्यांपुढे धरली, उलटी-सुलटी करून बघितली, जणू वाचतोय, पुन्हा घडी घातली. बॅस्कम तोंडातली वडी गिळत म्हणाला, "म्हाताऱ्या, लवकर कर."

"एवढं वय झालं साहेब," लायमस म्हणाला, "आता कसली घाई?"

आणि चिठ्ठी पाचव्या पेटीत टाकली.

टेनानं वळून कठडा बघितला तेव्हा तिनं दोन्ही हात डोक्यावर मारले. तिकडून बायनानं मान हलवली, मग मुसळ खाली ठेवलं आणि जमिनीवरच बसली. "काय बघताय?" ती सगळ्यांवर खेकसली. "माणसाचा हात आहे. घसरतो. भात वाढा!"

सहाला दारं बंद झाली आणि कायद्याप्रमाणे सगळ्यांसमोर पेट्या उघडल्या. अध्यक्षाची पेटी आली तेव्हा एल्डर दिवा धरून बॅस्कमच्या खांद्याशी उभा राहिला. बॅस्कमनं मोजलं, मग पुन्हा मोजलं, मग ट्रेडवेलला उठवून त्याच्याकडून मोजून घेतलं. सात चिठ्ठ्या बॅस्कमच्या पक्षाच्या. ते त्या भागातले सात गोरे मतदार. बाकी बावन्न. बेटावरचे बावन्नच्या बावन्न. कोरोनरच्या पेटीत बेटावरची एकही चिठ्ठी नव्हती.

जो आवाज उठला त्यानं खाडीतले बगळे उडाले. पुरुषांनी जुलाय एल्डरला उचललं, मग टेनाला, मग ते बायनाकडे वळले. "मला हात लावाल तर मुसळ घालीन," ती म्हणाली, आणि त्यांनी तिला उखळासकट उचललं. बॅस्कमला त्याचा चवळीभात मिळाला. मटणासकट मिळाला, बायना दिलेला शब्द पाळणारी बाई होती. खाता खाता तो म्हणाला, "बायना, एवढं सांग, कुठल्या शाळेत शिकले हे लोक?"

"आईच्या पाठीवर, साहेब," ती म्हणाली. बॅस्कमला काही समजलं नाही, पण भात चांगला होता.

सगळ्या राज्याचा निकाल काय लागणार हे आधीच ठरलेलं होतं. एका बेटाच्या बावन्न चिठ्ठ्यांनी साउथ कॅरोलिना हलणार नव्हतं. राज्य गेलंच. पण आठवड्यानं गावची बोट धक्क्याला लागली आणि खलाशानं दुरूनच ओरडून सांगितलं, वॉशिंग्टनमध्ये लिंकनसाहेबांचा पक्ष आला. अध्यक्ष आपला!

लायमस धक्क्यावर एका पिंपावर बसला. डगला त्यानं आठवडाभर अंगावरून काढला नव्हता. लोक भोवती जमले.

"सहा वेळा मत टाकलं," तो म्हणाला. "पाच वेळा पेटीत पडलं, पाच वेळा जिंकलो. बाकी तुमचं तुम्ही समजा."

"आणि काठावर मुसळ पडलं नसतं तर?" सिबीनं आठवडाभर तोंडात धरून ठेवलेलं वाक्य शेवटी सोडलंच.

"छे! त्याची गरजच नव्हती," लायमस म्हणाला. "मला माहीतच होतं. आत शिरल्या शिरल्या मला साहेबाच्या मिशीत वडी दिसली. म्हटलं चारात एक मिळवली की पाच."

"मग हात चौथीवर कशाला नेलास?"

"गंमत! म्हटलं बायनाला जरा घाम फुटू दे. चाळीस वर्षांत फुटलेला बघितला नव्हता."

सगळे बायनाकडे वळले. सिबी तर पुढे सरसावून उभी राहिली. आता जे काही ऐकायला मिळणार होतं ते तिला एका शब्दानंही चुकवायचं नव्हतं. बायनानं तोंड उघडलं. पिंपावर लायमस छाती काढून बसला होता, घासलेल्या बटणांत ऊन पडलं होतं, आणि चार वर्षांत प्रथमच तो एवढा बोलत होता.

"असेल बाई," बायना म्हणाली. "डोळे चांगले आहेत त्याचे."

सिबीच्या हातातली टोपली खाली पडली. खेकडे सगळ्या धक्क्यावर पळाले आणि ते पकडता पकडता लोकांची हसून पुरेवाट झाली.

घरी जाताना शिंपल्यांच्या रस्त्यावर दोघंच होती. थोडं चालून झाल्यावर बायना म्हणाली, "आता कुणी ऐकत नाही. खरं सांग. वडी दिसली होती तुला?"

लायमस चार पावलं गेला, काठी टेकून थांबला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "कुठली वडी?"

तिनं त्याला शालीनं हाणलं. दुसऱ्यांदाही हाणलं.